तेवीस इंचांचा ओटा

एका प्लॉटवर घर एक आहे की दोन, हे ठरवायला गेलेला नगरपरिषदेचा माणूस आधी स्वयंपाकघर शोधतो. खोल्या, जिने, खिडक्या नंतर. बाहेरच्यांना हे विचित्र वाटते, पण व्याख्याच तशी आहे. स्वतंत्र राहण्याची जागा आणि तिला स्वतःचे स्वयंपाकघर, एवढे असले की कागदावर ते वेगळे घर. पलंग, कपाट, टीव्ही, देव सगळे असले आणि ओटा नसला, तर ती नुसती खोली. त्याच खोलीत विटांवर कडप्प्याची लादी टेकवली आणि शेजारी नळ आणला, की दुसरे घर उभे राहिले.

बुलढाणा जिल्ह्यातल्या दोन नगरपरिषदांच्या बांधकाम विभागांत माझी नोकरी झाली. हुद्दा बदलला, काम तेच राहिले. मंजूर नकाशा आणि उभे राहिलेले बांधकाम यांत फरक किती, तो मोजायचा आणि लिहायचा. त्याआधी तीन वर्षे एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात बातमीदार होतो. तिथले उपसंपादक बातमीच्या समासात लाल शाईने एकच प्रश्न लिहीत, ‘कोण म्हणाले?’ उत्तर नसेल तर वाक्य कापले जाई. ती सवय पंचनाम्यांत उपयोगी पडली. एकदा ती सुटली, त्याची ही हकीकत आहे.

आधी नियम थोडक्यात. कंपाउंडपासून घराच्या भिंतीपर्यंत चारही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते, तिला सामासिक अंतर म्हणतात. प्लॉटवर एकूण किती बांधता येईल याचे प्रमाण म्हणजे चटई क्षेत्र. ही दोन्ही कामे टेपने होतात. अडचण व्हायची ती जुन्या लेआउटच्या मंजुरीतल्या एका अटीने. ‘एका भूखंडावर एका कुटुंबासाठी एकच राहते घर.’ अट निर्हेतुक नव्हती. पाण्याची लाइन, नाल्या, रस्त्याची रुंदी, सगळे तेवढ्याच कुटुंबांचा हिशेब धरून आखलेले असे. मागच्या कोपऱ्यात सामानाची खोली किंवा गाडीची शेड चालायची. माणूस राहायला लागला आणि चूल पेटली की अट मोडली.

ती अट वर्षानुवर्षे मोडली जात होती. मुलाचे लग्न व्हायचे, गावाकडचे आईवडील यायचे, मुलगी बाळंतपणाला यायची आणि राहायची. प्लॉट तेवढाच, माणसे वाढलेली. लोक मागच्या बाजूला एक खोली काढत आणि नकाशात तिला काहीतरी नाव देत. या नावांचे मला कायम कुतूहल वाटे.

पिंपळगाव राजाच्या एका शेतकऱ्याने नातवांच्या शाळेसाठी शहरात घर बांधले होते. मागच्या खोलीवर नकाशात ‘कोठा’ लिहिलेले. गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. आत गेलो तर पांढऱ्या टाइल्स, छताला पंखा, बेसिन आणि बेसिनवर आरसा. आरसा कोणासाठी, असे विचारले. ते शांतपणे म्हणाले, “म्हशीले.” पाहणी संपल्यावर चहा आला, तोही कोठ्यातूनच. दुसऱ्या एका घरी मागे ‘अभ्यासिका’ होती. मी लांबीरुंदी घेत असताना आत कुकरची शिट्टी झाली. घरमालक मोठ्याने बोलू लागले. प्रत्येक शिट्टीला त्यांचा आवाज चढत गेला. तीन शिट्ट्यांनंतर त्यांनी स्वतःच हात जोडले.

आता राज्यभर एकच नियमावली आहे. सामासिक अंतर आणि चटई क्षेत्र सांभाळले तर एका प्लॉटवर दोन स्वयंपाकघरे सरळ दाखवता येतात. जुन्या लेआउटच्या अटींचा वाद मात्र अधूनमधून निघतो. पुढची गोष्ट नियम बदलण्याच्या थोडी आधीची आहे.

प्रकाश गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पत्नी मीना, दोन मुले आणि आई वच्छलाबाई. प्लॉट अशाच जुन्या लेआउटमधला. पुढे राहते घर, मागच्या कोपऱ्यात सामानाची खोली, दोन्हींच्या मध्ये नऊ फुटांचे अंगण. त्या खोलीला त्यांनी न्हाणीघर जोडले, ओटा घातला आणि वच्छलाबाई तिकडे राहायला गेल्या.

तक्रार आली शेजाऱ्यांची. देवरावजी निवृत्त तलाठी. तक्रार कशी लिहावी हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. एका प्लॉटवर दोन कुटुंबे राहतात, पुरावा म्हणून वच्छलाबाईंच्या स्वतंत्र रेशनकार्डाची प्रत जोडली आहे, असे त्यांनी कळवले होते. खरे दुखणे शेवटच्या ओळीत होते. खोलीचा धूर ओढणारा पंखा त्यांच्या झोपण्याच्या खोलीकडे तोंड करून होता आणि सकाळी साडेपाचला ठेच्याचा ठसका त्यांच्या उशापर्यंत येत होता.

रेशनकार्डाचे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. मागच्या खोलीत गॅसची वेगळी जोडणी हवी होती. एका घरात एकच जोडणी मिळते. वेगळी हवी तर चूल वेगळी असल्याचा कागद लागतो, आणि तो कागद म्हणजे वेगळे रेशनकार्ड. गुरुजींनी आईचे नाव आपल्या कार्डातून काढून तिचे स्वतंत्र कार्ड करून घेतले. आमच्याकडे हे इतके सर्रास चालते की त्यात काही जाहीर करतो आहोत असे कोणाला वाटतच नाही. पण त्या कागदावर गुरुजींच्या सहीने लिहिलेले होते की आई विभक्त राहते. एका कार्यालयाला दोन चुली दाखवाव्या लागल्या होत्या. दुसऱ्या कार्यालयात दोन चुली हा गुन्हा होता.

मी पाहणीला गेलो तेव्हा वच्छलाबाई घरी नव्हत्या. मुलाबरोबर खामगावला डॉक्टरकडे गेल्या होत्या. मीनाताईंनी खोली उघडून दिली आणि दाराशी उभ्या राहिल्या. विचारले तेवढेच बोलल्या. खोली बारा बाय दहा. पलंग, गॅसची शेगडी, कडप्प्याचा ओटा, नळ, मांडणीवर मोजकी भांडी. सगळे मोजले, लिहिले. मागचे आणि बाजूचे अंतर बरोबर होते, चटई क्षेत्रही शिल्लक होते. एवढ्यावर थांबायला हवे होते. कार्यालयात बसून अहवाल पुरा करताना मी आणखी एक वाक्य लिहिले. ‘कौटुंबिक मतभेदामुळे भूखंडधारकाच्या मातोश्री विभक्त राहत असून मागील खोलीत स्वतंत्र संसार आढळून आला.’

मतभेद आहेत असे मला कोणीही सांगितले नव्हते. सासू मागे, सून पुढे, सून कमी बोलते, कार्ड वेगळे. एवढ्यावरून मी ते जोडले होते.

अहवालातले वाक्य नोटिशीत जसेच्या तसे उतरले. ओटा मुदतीत काढावा, नाहीतर खोली पाडण्याची कारवाई होईल, असे नोटिशीत होते. नोटीस घ्यायला घरी कोणी नव्हते, म्हणून शिपायाने ती फाटकावर चिकटवली. गुरुजी संध्याकाळी शाळेतून येईपर्यंत गल्लीने ती वाचलेली होती. दोन दिवसांत बातमी संग्रामपूरला त्यांच्या मामांच्या घरी पोचली. मामांचा फोन आला तो ओट्याबद्दल नव्हता. पोराने मायले येगळं काढलं, हे खरे का, एवढेच त्यांनी विचारले.

सरकारी नोकरीतला माणूस नोटिशीला लवकर भितो. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी गवंडी बोलावून ओटा तोडला.

नंतरच्या आठवड्यात मीनाताई कार्यालयात आल्या. एकट्याच आल्या होत्या. खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. नोटीस टेबलावर ठेवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले.

“साहेब, हे कोनं सांगतलं तुमाले?”

समासातला लाल प्रश्न इतक्या वर्षांनी, वऱ्हाडीत, माझ्या टेबलावर आला होता. कोणी नाही, असे उत्तर मी दिले. त्या म्हणाल्या, “मंग येऊन पाहा. येतानी टेप आना.”

मी गेलो तो दिवस महालक्ष्मीच्या जेवणाचा निघाला. भाद्रपदातल्या गौरींना आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. उद्या येतो म्हणून परत निघालो तर मीनाताईंनी थांबवले. आजच पाहा, म्हणाल्या. पुढच्या घरात धान्याच्या कोठ्यांवर मुखवटे बसवलेले, लुगडी नेसवलेली, समोर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला. मागच्या खोलीत वच्छलाबाई एका बुटक्या स्टुलावर बसलेल्या. उंची बेताची, पाय समोर सरळ लांब केलेले. शेगडी एका पालथ्या पत्र्याच्या पेटीवर ठेवली होती आणि त्या तिच्यावर कढी ढवळत होत्या. तिथून भरलेली पातेली नातवंडे अंगण ओलांडून पुढे नेत होती. पुढच्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्या चालल्या होत्या.

मीनाताईंनी भिंत दाखवली. ओटा तोडला तरी लादी जिथे भिंतीत रुतली होती तिथे सिमेंटची आडवी खूण राहिली होती. “मोजा,” त्या म्हणाल्या.

जमिनीपासून तेवीस इंच.

मग त्यांनी मला पुढच्या घरात नेले आणि आपला ओटा मोजायला लावला. तेहतीस. गवंडी साधारण एवढाच घालतात. मीनाताई उंच आहेत, त्यांना तोही थोडा ठेंगणाच पडतो. दोन्ही आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले. पहिल्या पाहणीत ओट्याची लांबी घेतली होती, रुंदी घेतली होती. उंची घेतली नव्हती. फॉर्मवर तो रकाना नव्हता.

वच्छलाबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. खाली बसले की उठता येत नाही आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही. पुढच्या ओट्यापाशी स्टुलावर बसल्या तर हनुवटी लादीला लागायची. दोन वर्षे त्यांनी स्वयंपाक केला नव्हता. पलंगावर बसून सुनेने आणलेले ताट जेवायचे, एवढेच उरले होते. बसून हात पोचेल असा ओटा मागच्या खोलीत घालावा, ही कल्पना सुनेची. स्टूल तिनेच गावच्या सुताराकडून करून आणलेले. सासू मागे राहायला गेली त्यात मतभेद नव्हते. असलाच तर एक होता, आणि तो वच्छलाबाईंनी स्वतः सांगितला. सून तिखट कमी टाकते.

पुढच्या पुरणाला दाळ कोणी शिजवली, असे मी विचारले.

“म्या,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“अन् वाटली कोनं?” मीनाताई म्हणाल्या.

“वाटाची मशीन तुह्यापाशी हाये, तं तूच वाटशीन ना.”

मी पुरवणी पंचनामा लिहिला. या वेळी पाहिलेले आणि ऐकलेले तेवढेच, कोणी म्हटले ते नावासह. त्यात असेही लिहिले की मागील खोलीत शिजलेला स्वयंपाक समोरील घरात महालक्ष्मीपुढे नैवेद्य म्हणून गेला. फाइल परत आली तेव्हा त्या वाक्याखाली मुख्याधिकाऱ्यांनी रेघ ओढली होती. बाजूला लिहिले होते, ‘नैवेद्याचा काय संबंध?’

मुख्याधिकारी मॅडम पश्चिम महाराष्ट्रातल्या होत्या, इथे नव्याने आलेल्या, कामाला चोख. दोन्ही घरांना बोलावून घेतलेल्या सुनावणीत त्यांनी हाच प्रश्न तोंडी विचारला. मी सांगितले की अटीत कुटुंब हा शब्द आहे पण त्याची व्याख्या नाही. आमच्या भागात घर फुटले की महालक्ष्म्या कोणाकडे जाणार, हे भांड्यांच्या वाटणीआधी ठरते. मॅडमनी देवरावजींकडे पाहिले. तक्रारदार म्हणून ते समोरच बसले होते. हे खरे आहे का, असे त्यांनी विचारले.

देवरावजींना खोटे बोलता आले असते. ते म्हणाले, “खरं हाये मॅडम. येगळे निंघाले असते तं महालक्ष्म्या मागच्या खोलीत गेल्या असत्या. घरात थोरल्या वच्छलावहिनीच हायेत ना.” आणि पुढे म्हणाले, “माहं म्हननं त्या पंख्याचं हाये.”

मग मॅडमनी वच्छलाबाईंना विचारले, कुटुंब एक की दोन. हा प्रश्न सोपा नव्हता. एक कुटुंब म्हटले तर रेशनकार्डावरचे निवेदन खोटे ठरणार, गॅस जाणार आणि सही करणारा मुलगा अडचणीत येणार. दोन म्हटले तर खोली जाणार. गुरुजी आईला काहीतरी खुणावत होते. वच्छलाबाईंनी तिकडे पाहिले नाही.

“चुली दोन हायेत,” त्या म्हणाल्या. “घर एक हाये. गॅसवाल्याले दोन पाह्यजे होते, तुमाले एक पाह्यजे. मी तं एकच बाई आहो, मॅडम.”

मॅडमनी नकाशा समोर ओढला. मग त्यांनी एक शुद्ध तांत्रिक तोडगा काढला. मधल्या नऊ फुटांवर छत टाकायचे, पुढच्या घराच्या मागच्या भिंतीत दार काढायचे आणि दोन्ही बांधकामे जोडायची. जोडली की एकच इमारत, एकच राहते घर. एका घरात दोन ओटे असू नयेत असे कुठे लिहिलेले नाही. चटई क्षेत्र शिल्लक होतेच. पंखा शेजाऱ्यांकडच्या भिंतीवरून काढून दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे फिरवायचा. सुधारित नकाशा मंजूर करून घ्यायचा. कार्डाचा विषय तहसीलचा आहे, आपला नाही, असे म्हणून त्यांनी तो कागद फाइलच्या तळाशी सरकवला. माझ्या नोकरीत पाहिलेल्या चांगल्या आदेशांपैकी हा एक.

मीनाताई उठल्या. त्या वाक्याचे काय, असे त्यांनी विचारले. नोटीस मागे घेतल्याने ते आपोआप रद्द होते, असे मॅडमनी समजावले. मीनाताई म्हणाल्या, लोकांनी ते फाटकावर वाचले आहे, रद्द झाल्याचेही फाटकावरच वाचले पाहिजे. चूक ज्या पानावर छापली त्याच पानावर दुरुस्ती छापायची, हा वर्तमानपत्राचा नियम मला ठाऊक होता. नगरपरिषदेत तो कोणी लावल्याचे ऐकले नव्हते. दुरुस्तीचे चार ओळींचे पत्र मी तयार केले आणि शिपायाला न पाठवता स्वतः जाऊन चिकटवले. गल्लीत चार माणसे होती. वाचायला कोणी थांबले नाही.

काम पुरे झाल्याचा अर्ज दोन महिन्यांनी आला. शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा छत पडले होते, दार निघाले होते, पंखा फिरवला होता. देवरावजी त्यांच्या ओसरीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी हात वर केला. नव्या दारातून मागच्या खोलीत आलो. वच्छलाबाई नव्या ओट्यापाशी उभ्या राहून भाकर थापत होत्या. डावा हात ओट्याच्या काठावर टेकवलेला. एक भाकर तव्यावर टाकली की पलंगावर जाऊन बसत, उलटायच्या वेळी पुन्हा उठत. स्टूल पलंगाखाली गेले होते.

मी टेप लावला. तेहतीस इंच.

गुरुजींनी लगेच नकाशा उलगडला. खामगावच्या ड्राफ्ट्समनने काढलेल्या नकाशावर ओट्याशेजारी बारीक अक्षरांत उंची तेहतीस लिहिलेली होती. तो प्रत्येक नकाशावर तेवढीच लिहितो. “मॅडमची सही हाये यावर,” गुरुजी म्हणाले. “एकदा भोगलं साहेब. या वख्ती म्या इंचभर इकडंतिकडं होऊ देलं नाई.”

सुट्टी लागल्यामुळे मीनाताई मुलांना घेऊन माहेरी गेल्या होत्या, त्यांनी हे पाहिले नव्हते. ओटा होऊन आठ दिवस झाले होते. आठ दिवस वच्छलाबाई उभ्याने स्वयंपाक करत होत्या आणि कोणाला काही बोलल्या नव्हत्या. का नाही सांगितले, असे मी विचारले.

“म्या म्हटलं, कागदात एवढंच बसलं असन,” त्या म्हणाल्या.

ओट्याच्या उंचीचा कोणताही नियम नाही, हे मी त्यांना सांगितले. गुरुजींना पुन्हा सांगितले. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून नकाशावरचा आकडा पेनाने खोडून बाजूला सही केली. गवंडी पुढच्या खोलीत दाराची चौकट भरत होता, त्याला बोलावले. पलंगाखालून स्टूल काढून वच्छलाबाईंना बसवले. कोपर वाकवून हात समोर धरा, असे सांगितले. गवंडी जमिनीशी टेप धरून बसला आणि पेन्सिल कानामागून काढली.

वच्छलाबाईंनी हात धरला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “पयल्यांदा आले तवाच मोजलं असतं तं, साहेब?”

मी वाकून टेपचे वरचे टोक त्यांच्या कोपराशी धरले.